शब्दचर्चा : पॉडकास्टला ‘प्रसारण’ म्हणावे का, आणि ‘समव्यावसायिक’ कोणाला?

भाषांतरकार, दांडिया बाजार, बडोदे

तंत्रज्ञानावरच्या एका इंग्रजी पॉडकास्टच्या भागाची मराठी टिपणे करायची आहेत. त्या भागात जुने पॉडकास्टर आपल्या क्षेत्राकडे आणि त्यातल्या इतर मंडळींकडे मागे वळून पाहतात. ‘टेक्नॉलॉजी ब्रॉडकास्टिंग’ला मी ‘तंत्रज्ञान प्रसारण’ लिहिले, पण पॉडकास्टला प्रसारण म्हणणे बरोबर वाटत नाही. ‘होस्ट’, ‘सबस्क्राइब’ आणि ‘इंडस्ट्री पीअर्स’ या तीन शब्दांवरही अडले आहे. वाचणारे बहुतेक बडोद्याचे, म्हणजे गुजरातीही कानावर असलेले. दोन्हीकडे गैरसमज होणार नाही असे शब्द हवेत.

ध्वनिसंपादक, अलकापुरी

ताई, ‘प्रसारण’ पॉडकास्टला लावू नका. हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही, तो शब्द डोक्यात बसला की कामही तसेच होते आणि बिघडते.

टीव्ही-रेडिओसाठी आवाजाची पातळी वेगळी ठरलेली आहे. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची आर १२८ ही शिफारस सरासरी लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारी आवाजाची पातळी, उणे २३ एलयूएफएस (हे तिचे एकक) धरते, अमेरिकन टीव्हीत तो उणे २४ असतो. ॲपल पॉडकास्टसाठी उणे १६ सांगते, त्यात एकचा फरक चालतो, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचे सर्वांत उंच शिखर, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये. भाग उणे २३ ला बांधला तर इतरांच्या भागापेक्षा तो ७ डेसिबल हळू वाजतो. रिक्षात बसलेला ऐकणारा आवाज वाढवतो, मग पुढचा दुसऱ्या कोणाचा भाग कानठळ्या बसवतो. मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, फाइल असेल तर उणे १९ धरतात, कारण तीच वाहिनी दोन्ही कानांत वाजते आणि मोजणीत ३ चा फरक पडतो. नवी मंडळी इथे हमखास चुकतात : शिखर शून्याजवळ दिसले म्हणजे आवाज पुरेसा झाला असे समजतात. एका टाळीने शिखर वर जाते, सरासरी मात्र खालीच राहते. आधी कॉम्प्रेसरने बोलण्याचा चढउतार आवरायचा, मग लाउडनेस मोजायचा, शेवटी शिखरे अडवणारा लिमिटर. क्रम उलटा केला की लिमिटर प्रत्येक शब्दाचा सुरुवातीचा ठोका खातो आणि ‘प’, ‘ट’, ‘क’ बोथट ऐकू येतात.

मराठीच्या शिक्षिका, रावपुरा

शब्दाच्या बाजूने भर घालते. ‘ब्रॉडकास्ट’ मुळात शेतीतला शब्द. बी मुठीत घेऊन शेतभर फेकत जाणे, हा त्याचा पहिला अर्थ, रेडिओ नंतर आला. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : फोकून पेरणी. मेथी, कोथिंबीर फोकतात. कुठला दाणा कुठे पडला याचा हिशेब कोणी ठेवत नाही. याच्या समोरची पद्धत म्हणजे टोकण. ठरलेल्या अंतरावर एकेक बी हाताने लावायचे.

पॉडकास्ट ही टोकण आहे. ऐकणाऱ्याचे ॲप मागते, तेव्हा सर्व्हर त्याला, फक्त त्याला, फाइल देतो. म्हणून ‘प्रसारण’ मला आकाशवाणी-दूरदर्शनपुरते ठेवावेसे वाटते. तिथे ‘प्रक्षेपण’, ‘सहक्षेपण’ असे शब्दही रुळलेले आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे : सहक्षेपण म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम त्याच वेळी आपल्या केंद्रावरून सोडणे. पॉडकास्टसाठी क्रियापद ‘प्रसिद्ध करणे’ घ्या. भाग प्रसिद्ध होतो, अंक प्रसिद्ध होतो तसा.

फीड सांभाळणारा, मांजलपूर

बाईंनी टोकण म्हटले ते खर्चालाही तंतोतंत लागू आहे. प्रक्षेपकाची वीज एक माणूस ऐको वा लाख, तेवढीच लागते. पॉडकास्टचे तसे नाही. ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनोत एक तासाचा भाग २८.८ एमबी होतो, १२८ ला ५७.६. दहा हजार वेळा उतरला तर ६४ वर २८८ जीबी, १२८ वर ५७६. नुसत्या बोलण्यासाठी ६४ मोनो पुरते, संगीत असेल तर १२८ स्टीरिओ.

आणि हे सगळे ज्याच्यावर उभे आहे तो घटक आरएसएस फीडमधला, म्हणजे ॲपला नवे भाग कळवणाऱ्या यादीतला. डेव्ह वायनर यांनी २००० च्या डिसेंबरमध्ये आरएसएसमध्ये ‘एन्क्लोजर’ घातले. आपल्या सरकारी पत्रांत खाली ‘सहपत्र’ लिहितात ना, हा शब्द तेच काम करतो : पत्रासोबत जोडलेला कागद. मी टिपणांत ‘सहपत्र’ लिहितो आणि लोकांना लगेच कळते. त्यात तीन गोष्टी लागतात : फाइलचा पत्ता, लांबी बाइटमध्ये, आणि प्रकार, म्हणजे ‘ऑडिओ/एमपेग’. लांबीच्या जागी मिनिटे लिहिणे ही नेहमीची चूक. मिनिटांसाठी वेगळा टॅग आहे. ॲपने मागितला तर सर्व्हरला फाइलचा मधलाच तुकडाही देता यायला हवा, नाहीतर ऐकणारा पुढे सरकवतो तेव्हा ॲप अडते.

याहून महत्त्वाचा ‘जीयूआयडी’, भागाची कायमची ओळख. होस्टिंग, म्हणजे फाइली ठेवणारी कंपनी, बदलताना तो बदलला की ॲपला सगळे जुने भाग नवे वाटतात आणि ऐकणाऱ्याच्या फोनवर पुन्हा उतरू लागतात. शीर्षक सुधारा, वर्णन सुधारा, ही ओळख मात्र पहिल्या दिवशी दिली तीच ठेवा.

भाषांतरकार, दांडिया बाजार

‘सहपत्र’ घेतला. मग ‘सबस्क्राइब करा’ला ‘वर्गणीदार व्हा’ चालेल का?

मराठीच्या शिक्षिका, रावपुरा

नको. वर्गणी म्हटले की हात खिशाकडे जातो. गणपतीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, सगळीकडे पैसे. इंग्रजीतही हीच अडचण झाली. ॲपलने २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १४.५ या आवृत्तीसोबत पॉडकास्टमधले ‘सबस्क्राइब’ काढून ‘फॉलो’ केले, आणि त्याच सुमारास सशुल्क सबस्क्रिप्शन आणले. म्हणजे आता त्या दोन शब्दांत पैशाची रेघ आहे.

अर्थ समजावताना मला ‘रतीब’ आवडतो. रतीब लावला की दूध सकाळी दारात येते, रोज मागावे लागत नाही. फीडचे काम हुबेहूब तेच.

ध्वनिसंपादक, अलकापुरी

बाई, पण रतिबाचेही महिन्याचे बिल येतेच.

मराठीच्या शिक्षिका, रावपुरा

बरोबर. म्हणून समजावण्यापुरता. बटणाच्या जागी ‘फॉलो करा’च लिहा, कारण ऐकणाऱ्याला पडद्यावर तोच शब्द शोधायचा आहे. तिथे ‘अनुसरण करा’ लिहून त्याला गोंधळात टाकू नये. खरोखर पैसे घेणारी योजना असेल तिथे ‘वर्गणी’ बिनदिक्कत वापरा.

भाषांतरकार, दांडिया बाजार

‘होस्ट’? आणि मुख्य म्हणजे ‘पीअर्स’?

मराठीच्या शिक्षिका, रावपुरा

‘यजमान’ हा शब्द संघ, देश, समारंभ यांना शोभतो. बोलणाऱ्या माणसाला लावला तर घरातले ‘आमचे यजमान’ आठवतात. शिवाय फाइल ठेवणारी कंपनीही ‘होस्ट’च. एका परिच्छेदात दोन्ही आले की वाचणारा चुकतो. माणसासाठी ‘निवेदक’, दोघे असतील तर ‘सहनिवेदक’, मुलाखत असेल तर ‘मुलाखतकार’. कंपनीसाठी ‘होस्टिंग’ तसेच ठेवा.

‘पीअर्स’ला थोडे थांबावे लागेल. ‘व्यवसायबंधू’ जुना आणि प्रेमळ शब्द आहे, पण या क्षेत्रात पुष्कळ बाया आहेत, ‘बंधू’त त्या मावत नाहीत. ‘स्पर्धक’ लिहिले तर मूळ भागातला सूर जातो. गुजरातीत ‘हरीफ’ म्हणजे प्रतिस्पर्धी, आणि तो बडोद्यात रोज कानावर पडतो, म्हणून तोही टाळा. ‘समव्यावसायिक’ सरळ आणि स्वच्छ आहे. ‘इंडस्ट्री’ला ‘धंदा’ मात्र जपून. गुजरातीत धंधो हा मानाचा, कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या केलेला व्यापार. मराठीत ‘हा काय धंदा लावलाय’ म्हटले की टोमणा होतो. इथे ‘क्षेत्र’ पुरते.

फीड सांभाळणारा, मांजलपूर

बाई, ‘समव्यावसायिक’ मान्य. पण ताईंच्या मजकुरात एक बारकावा आहे. तंत्रज्ञान पॉडकास्टच्या पहिल्या फळीतली बरीच मंडळी आधी एकाच टीव्ही वाहिनीत होती. १९९८ मध्ये अमेरिकेत झेडडीटीव्ही सुरू झाली, पुढे ती टेकटीव्ही झाली, आणि २००४ मध्ये जी४ वाहिनीत विलीन झाली. तिथले लिओ लापोर्ट यांनी २००५ मध्ये जुन्या साथीदारांना घेऊन ‘धिस वीक इन टेक’ सुरू केला. म्हणजे त्यांच्यासाठी ही माणसे नुसती समव्यावसायिक नाहीत, ‘माजी सहकारी’ आहेत. ज्यांच्यासोबत पगारावर काम केले ते सहकारी, जे वेगळ्या दुकानात तेच काम करतात ते समव्यावसायिक. प्रत्येक नावाशी तपासून शब्द घाला. सगळीकडे एकच ठेवला तर भागातला जिव्हाळा पुसला जाईल.

याच लापोर्ट यांनी २००६ मध्ये ‘पॉडकास्ट’ऐवजी ‘नेटकास्ट’ म्हणावे असे सुचवले होते, कारण ‘पॉड’ एका कंपनीच्या यंत्राशी बांधलेला. ‘पॉडकास्ट’ शब्द बेन हॅमर्सली यांनी २००४ च्या फेब्रुवारीत ‘द गार्डियन’मधल्या लेखात वापरला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट जोडून. पुढच्याच वर्षी न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने तो वर्षाचा शब्द ठरवला आणि ॲपलने आयट्यून्स ४.९ मध्ये पॉडकास्ट घेतले. त्यामुळे नेटकास्टला जागा उरली नाही. २०२२ मध्ये आयपॉड बंद झाला, शब्द मात्र टिकला.

मराठीच्या शिक्षिका, रावपुरा

यावरूनच मी ‘पॉडकास्ट’ला मराठी प्रतिशब्दाचा आग्रह धरत नाही. १९३१ साली याच शहरात राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला. शब्द कचेरीत रोज लागणारे होते, म्हणून तो घाट घातला गेला. ‘पॉडकास्ट’ रोज लागतो आणि सगळ्यांना कळतो. ‘सहपत्र’, ‘निवेदक’, ‘समव्यावसायिक’ यांनी मात्र नेमकेपणा वाढतो, तिथे मराठी हवीच.

लिंग पुल्लिंगी : तो पॉडकास्ट, अनेकवचनही ‘पॉडकास्ट’. ‘एपिसोड’ला ‘भाग’, ‘सीझन’ला ‘पर्व’.

भाषांतरकार, दांडिया बाजार

मूळ भागात एक शब्द आणखी आहे, ‘डबल-एंडर’. दोघे वेगळ्या शहरांत बसून बोलतात तेव्हाचा.

ध्वनिसंपादक, अलकापुरी

‘दोन टोकांचे ध्वनिमुद्रण’ लिहा. गप्पा इंटरनेटवर होतात, पण प्रत्येक जण आपला आवाज आपल्याच यंत्रावर मुद्रित करतो, आणि फाइली नंतर जुळवतात. त्यामुळे नेट अडखळले तरी मुद्रण अडखळत नाही. सुरुवातीला आणि शेवटी दोघांनी टाळी वाजवायची. दोन टाळ्या लागतात, कारण दोन यंत्रांची घड्याळे कधीच नेमकी एक नसतात. दशलक्षात ५० चा फरक असला तरी तासाभरात १८० मिलिसेकंदांचे अंतर पडते, उत्तर प्रश्नावर चढू लागते. शेवटची टाळी जुळेपर्यंत एक फाइल ताणायची.

याहून मोठा घोटाळा सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या आकड्याचा. ४४.१ किलोहर्ट्‌झला मुद्रित केलेली फाइल ४८ समजून उघडली तर तासाचा भाग ५५ मिनिटे ७ सेकंदांत संपतो आणि आवाज सुमारे दीड अर्धस्वराने चढतो. दोघांनी आधीच ४८ ठरवावे.

हेडफोन लावणे सक्तीचे समजा, नाहीतर समोरच्याचा आवाज स्पीकरमधून आपल्या माइकात शिरतो आणि कापून काढता येत नाही. नवरात्रात गरब्याचा ढोल भिंतीतून येतो. त्यासाठी दूरचा आवाज कमी पकडणारा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटांवर, आणि ८० हर्ट्‌झखालचे सगळे कापलेले. ५० आणि १०० हर्ट्‌झची गुणगुण असेल तर ती बहुधा विजेच्या अर्थिंगची. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

भाषांतरकार, दांडिया बाजार

‘रिव्ह्यू युनिट’ला ‘परीक्षणासाठी मिळालेला फोन’ पुरेल?

फीड सांभाळणारा, मांजलपूर

‘मिळालेला’त फुकट की परत द्यायचा, ते कळत नाही. परत जाणार असेल तर ‘परतीच्या बोलीवर आलेला फोन’, ठेवून घेतला असेल तर ‘कंपनीकडून भेट’. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या सूचनांनुसार फुकट वस्तूही सांगावी लागते, आणि ध्वनीत ती सुरुवातीला आणि शेवटी, शिवाय प्रत्येक विश्रांतीच्या आधी-नंतर बोलून सांगायची असते. टिपणांत लिहिणे त्याला पर्याय नाही.

‘एम्बार्गो’ तसाच ठेवा, कंसाऐवजी वाक्यात उलगडा : ‘अमुक वेळेपर्यंत प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर’. वेळ लिहिताना सांभाळा. कॅलिफोर्नियातले सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे १०.३०, हिवाळ्यात ११.३०. त्यांची घड्याळे सरकतात, आपली नाहीत. फीडमधल्या तारखेला ‘+०५३०’ जोडा, आणि भविष्यातली तारीख टाकून भाग लपेल यावर विसंबू नका. काही ॲप तो लगेच दाखवतात. वेळ होस्टिंगवरच लावा.

भाषांतरकार, दांडिया बाजार

सुरुवात अशी केली आहे : ‘तंत्रज्ञान पॉडकास्टचे जुने निवेदक या भागात आपल्या क्षेत्राकडे, माजी सहकाऱ्यांकडे आणि समव्यावसायिकांकडे मागे वळून पाहतात. पूर्वी टीव्हीवरून होणारे प्रसारण आणि आजचे पॉडकास्ट यांतला फरक ते सांगतात, आणि आपले श्रोते का घटले याचीही चर्चा करतात.’

फीड सांभाळणारा, मांजलपूर

‘श्रोते का घटले’ बदला, ताई. तुमच्या भागात ते २०२३ च्या आकड्यांबद्दल बोलत असतील तर घटले ते डाउनलोड. आयफोनच्या आयओएस १७ पासून ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये, मध्ये ऐकणे सोडलेल्या माणसाच्या फोनवर मागचे सगळे भाग आपोआप उतरणे थांबले. मोजणीचा नियम असा, की एकाच इंटरनेट पत्त्यावरून एकाच ॲपने २४ तासांत किमान मिनिटभराचा आवाज उतरवला तर एक डाउनलोड. तो ऐकला की नाही, हे त्यात कुठेच नाही.