मदत हवी आहे: प्लॅटिनम-कोबाल्ट कॅटॅलिस्टची मोठी बॅच बिघडते

नमस्कार मंडळी. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलच्या कॅथोडसाठी (ऑक्सिजनकडच्या इलेक्ट्रोडसाठी) आम्ही कार्बनवर बसवलेले प्लॅटिनम-कोबाल्टचे नॅनोकण बनवतो; तेच कॅटॅलिस्ट, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. इथिलीन ग्लायकॉलमध्ये क्लोरोप्लॅटिनिक आम्ल (प्लॅटिनमचा स्रोत) आणि कॉस्टिक सोडा घालून 140 अंशांच्या आसपास तापवायचं, मग कार्बन. त्यानंतर कोबाल्टचा क्षार मुरवून हायड्रोजन-आर्गॉनमध्ये 700 अंशांना भाजायचं.

अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये कण 3-4 नॅनोमीटरचे, अगदी एकसारखे येतात. 20 लिटरच्या जॅकेटेड (दुहेरी भिंतीतून तापवल्या जाणाऱ्या) रिअॅक्टरमध्ये मात्र सगळं बिनसतं. भिंतीलगतचं द्रावण आधी गडद तपकिरी होतं, मधलं बराच वेळ पिवळंच राहतं. कार्बन नंतर घालत असल्यामुळे हे डोळ्यांना स्पष्ट दिसतं. शेवटी हाती येतात गुठळ्या, आणि प्लॅटिनमच्या भावात हे परवडणारं नाही.

मोठ्या प्रमाणावर हे जमू शकतं, याबद्दल मला शंका नाही. टोयोटाच्या 2014 च्या मिराई या फ्युएल सेल गाडीतही प्लॅटिनम-कोबाल्टच होतं. प्रश्न स्वस्तात करण्याचा आहे.

कोणी बारीक नळीतून सतत वाहत्या द्रावणाला मायक्रोवेव्हने तापवून पाहिलंय का? नळीच्या आत प्लॅटिनमचा थर चढतो का, आणि चढला तर काढता कसा? की ग्लायकॉल सोडून दोन्ही क्षार थेट कार्बनवर मुरवून भाजावेत? त्यात ग्लायकॉल धुऊन काढणं वाचेल, पण कण मोठे होण्याची भीती वाटते.

आणखी एक: सुटं कोबाल्ट फ्युएल सेलच्या मेम्ब्रेनमध्ये (दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्यात) शिरू नये म्हणून आम्ही आम्लाने धुतो. त्या पाण्यातलं प्लॅटिनम आणि कोबाल्ट परत मिळवायची सोय कोणी लावली आहे का? पुण्या-मुंबईकडे कोणी असेल तर प्रत्यक्ष येऊन बघायची तयारी आहे.