मदत हवी आहे: फायबर ट्रेच्या फिरत्या माउंटचं पेटंट, परीक्षण अहवालाला उत्तर कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. फायबर पॅच पॅनेलचा (ऑप्टिकल फायबर केबल जिथे जोडतात त्या पेटीचा) ट्रे रॅकबाहेर फिरवता येईल असं माउंट भावानं बनवलंय. बिजागरीतूनच केबलची वाट अशी काढलीय, की ट्रे पूर्ण उघडला तरी फायबरची वळणत्रिज्या ३० मिमीखाली जात नाही, म्हणजे सिग्नल घटेल इतका फायबर वाकत नाही. खरं कसब तिथंच आहे.

पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालात पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) लावलंय: आपापलं स्वतंत्र काम करणाऱ्या ज्ञात भागांची नुसती मांडणी, जिला पेटंट मिळत नाही. मला हे पटत नाही, बिजागरी आणि केबलची वाट हे दोन्ही भाग एकमेकांवाचून कामच करत नाहीत! उत्तराला ६ महिने आहेत. मूळ अर्जात नसलेला नवीन मजकूर पेटंटच्या दाव्यांत (कशावर हक्क मागतोय त्या कलमांत) घालता येत नाही, हे ठाऊक आहे. पण सिग्नल लॉसच्या चाचणीचे आकडे प्रतिज्ञापत्रासोबत जोडले तर वजन पडतं का? पुण्यात मेकॅनिकलमधले अनुभवी पेटंट एजंट कुणी सुचवाल का?