मदत हवी आहे: मुलांच्या जुन्या केस फाईल किती वर्षांनी नष्ट करता येतात?

अधीक्षिका_नागपूर
नमस्कार. आमच्या संस्थेच्या तळमजल्यावरील रेकॉर्डची खोली सोमवारपर्यंत रिकामी करून द्यायची आहे, कारण भिंतींची ओल काढून रंग देण्याचे काम त्या दिवशी सुरू होणार आहे. खोलीत चार लोखंडी कपाटे असून त्यांच्यावर छतापर्यंत बस्ते रचलेले आहेत. मुलांच्या फाईल किती वर्षे ठेवणे बंधनकारक आहे, एवढेच मला हवे आहे. एका प्रशिक्षणात मी ७ वर्षे असे ऐकले होते, आमचे लेखापाल १० म्हणतात, आणि एका विश्वस्तांच्या मते मूल १८ वर्षांचे होऊन बाहेर पडले की फाईल ठेवण्याचे कारणच उरत नाही. कृपया आकडा आणि शक्य असल्यास कलम सांगावे. रद्दीवाला शनिवारी येणार आहे.

निवृत्त_लिपिक_महाल
ताई, आधी रद्दीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगा, मग पुढचे वाचा. काही वर्षांपूर्वी इतवारीत घेतलेल्या फुटाण्यांच्या पुडीवर मी एका निवासी संस्थेतील मुलीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद वाचला आहे. नाव, वय, आजार आणि आईचे नाव, सगळे स्पष्ट अक्षरात होते.
आता मुद्दा. शासकीय कार्यालयात अभिलेखांचे वर्गीकरण ठरलेले असते: ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ १ वर्ष. मी ३१ वर्षे हेच केले. आपण सहा गठ्ठे पद्धतीने (कागद सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत विभागून) वर्गवारी करा, निंदणीकरणाची, म्हणजे काढून टाकायच्या कागदांची, यादी तयार करा आणि वरिष्ठांची मंजुरी घेऊनच नाशन करा.

वकील_सिव्हिल_लाइन्स
लिपिकसाहेबांचे वर्गीकरण शासकीय कार्यालयांपुरते ठीक आहे, पण ते खाजगी न्यासाच्या संस्थेला जसेच्या तसे लावता येणार नाही. अधीक्षिकाताईंनी मुख्य माहितीच दिलेली नाही. संस्था नेमकी कोणती, बालगृह, निरीक्षणगृह की दत्तक संस्था? फाईल कोणत्या सालापासूनच्या आहेत? नोंदणी चालू आहे का? याची उत्तरे मिळाल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो.

हिशेबनीस_धरमपेठ
लेखापालांचे म्हणणे बरोबर आहे. धर्मादाय न्यासांसाठी २०२२ साली आयकर नियम १७एए आला असून त्यानुसार हिशेबाची पुस्तके, पावत्या आणि देणग्यांच्या नोंदी संबंधित कर आकारणी वर्ष संपल्यापासून १० वर्षे जपाव्या लागतात. त्या नोंदणीकृत कार्यालयातच असाव्यात, अन्यत्र ठेवायच्या असतील तर विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो. देणगीदारांच्या याद्या आपण कशा ठेवता?

अधीक्षिका_नागपूर
देणग्यांविषयी मी विचारलेले नाही. आमचे बालगृह आहे, हे शीर्षकावरून कळेल असे मला वाटले होते. नोंदणी चालू आहे. फाईल १९८७ पासूनच्या आहेत.

वकील_सिव्हिल_लाइन्स
शीर्षकात बालगृह हा शब्द नाही, असो. आपण ऐकलेल्या ७ वर्षांचा उगम सांगतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त (गुन्हा केल्याचा आरोप असलेल्या किंवा तसे आढळलेल्या) बालकाच्या दोषसिद्धीच्या नोंदी नष्ट करायच्या असतात, म्हणजे लहानपणीच्या चुकीचा डाग त्याला जन्मभर चिकटू नये. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांतील नियम १४ मध्ये त्यासाठी अपिलाची मुदत किंवा ७ वर्षे अशी मर्यादा आहे. १६ वर्षांवरील बालकाला घोर अपराधात प्रौढाप्रमाणे दोषी ठरवले गेले असेल, तर मात्र बाल न्यायालय त्या नोंदी ठेवते.
आपल्याकडील मुले बाल कल्याण समितीच्या आदेशाने दाखल झालेली, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेली. त्यांना कोणी दोषी ठरवलेलेच नाही, मग त्यांच्या फाईलला दोषसिद्धीचा नियम लावायचा कशासाठी? ज्या नियमाचा हेतू मुलाला वाचवणे हा आहे, तोच येथे लावला तर मुलाचे एकमेव कागदपत्र नाहीसे होते.

डिजिटल_विदर्भ
एवढी चर्चा कशाला? सगळे स्कॅन करून क्लाउडवर चढवावे आणि कागद जाळून टाकावेत. सीताबर्डीत कितीतरी दुकाने पानाच्या दराने स्कॅनिंग करून देतात.

वकील_सिव्हिल_लाइन्स
समितीपुढे आलेले मुलांविषयीचे अहवाल बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९९ नुसार गोपनीय असतात, ते झेरॉक्सच्या दुकानातील काउंटरवर पसरायचे नसतात. शिवाय कागद स्कॅन झाला की तो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कक्षेत येतो, त्यामुळे आपण जबाबदारी कमी न करता वाढवून घेता. स्कॅनिंग अवश्य करावे, पण ते संस्थेच्याच कर्मचाऱ्याने, संस्थेच्याच यंत्रावर, आणि मूळ कागद ठेवून.

डिजिटल_विदर्भ
मूळ ठेवायचेच असतील तर स्कॅनिंगचा उपयोग काय?

निवृत्त_लिपिक_महाल
वाळवी लागल्यावर कळतो.

लेस्टरची_नागपूरकर
मी इंग्लंडमध्ये मुलांच्या सामाजिक सेवा विभागात काम करते, त्यामुळे तिकडची पद्धत केवळ तुलनेसाठी सांगते. तेथे स्थानिक प्रशासनाच्या देखरेखीखाली वाढलेल्या मुलाची केस फाईल त्याच्या ७५ व्या वाढदिवसापर्यंत जपावी लागते, आणि मूल १८ वर्षांच्या आत वारले तर मृत्यूपासून १५ वर्षे. दत्तकाच्या नोंदींची मुदत दत्तक आदेशापासून १०० वर्षे आहे. हा आकडा ऐकून नव्याने नोकरीला लागलेले सगळेच हसतात. मग एके दिवशी साठीचे गृहस्थ येतात, आपली फाईल मागतात आणि वाचनाच्या खोलीत दोन तास बसून राहतात. तिकडचा कायदा नागपुरात लागू होत नाही हे मला ठाऊक आहे, पण १८ व्या वर्षी फाईलचे काम संपते या विश्वस्तांच्या समजुतीवर विचार व्हावा म्हणून लिहिले.

अधीक्षिका_नागपूर
विचार करायला माझी हरकत नाही, पण जागा कोठून आणू? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी होते. खालच्या कप्प्यांतील बस्ते तेव्हापासून फुगलेले आहेत. त्यात मुख्यतः जुन्या शिशुगृहाचे कागद आहेत, ते शिशुगृह २००९ मध्ये बंद झाले, त्यामुळे ते तर टाकता येतीलच.

वकील_सिव्हिल_लाइन्स
शिशुगृह! ही गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती. तेथून बाळे दत्तक जात होती का?

अधीक्षिका_नागपूर
होय. काही परदेशातही गेली. मी तेव्हा येथे नव्हते.

वकील_सिव्हिल_लाइन्स
मग त्या बस्त्यांना हात लावू नका. दत्तक विनियम, २०२२ मध्ये मूळ शोधण्याची तरतूद आहे. दत्तक गेलेली व्यक्ती १८ वर्षांची झाल्यावर स्वतः, आणि त्याआधी दत्तक पालकांसह, अर्ज करू शकते. तिसऱ्या माणसाला तो अधिकार नाही. शिशुगृह बंद झाले म्हणून २००५ साली तेथून गेलेल्या मुलीचा प्रश्न बंद होत नाही, ती आत्ता कुठे विशीत आली आहे. जन्मदात्रीने नाव गुप्त ठेवण्याची अट घातली होती की नाही, हेही त्याच कागदावरून समजणार.

फलाट_क्रमांक_एक
मी या धाग्यावर लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार करत होतो. मी विदर्भातीलच एका बालगृहात वाढलो. संस्थेचे नाव लिहीत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्रासाठी संस्थेतील वास्तव्याचे कागद लागतात. मी ते मागायला गेलो तेव्हा, “तुमच्या वेळच्या फाईल साफसफाईत गेल्या,” असे उत्तर मिळाले.
सुदैवाने दाखल-खारीज रजिस्टर (मुले आल्या-गेल्याची नोंदवही) शिल्लक होते, कारण त्याला जाड पुठ्ठ्याचे बांधीव कव्हर असल्यामुळे कोणीतरी ते कुंडीखाली ठेवले होते. त्यात माझी नोंद दीड ओळीची आहे: ‘मुलगा, वय अंदाजे ४, नागपूर रेल्वे स्थानक, फलाट १, निळी चड्डी, डाव्या पायात वाळा, नाव बंड्या सांगतो.’ प्रमाणपत्र त्या दीड ओळीवर निघाले. वाळ्याचे पुढे काय झाले ते फाईलमध्ये असणार होते. बंड्या हे नाव मला कोणी दिले होते, की मीच सांगितले होते, एवढे तरी त्या ‘सांगतो’ या शब्दावरून कळले.
अधीक्षिकाताई, आपल्याला जागेची अडचण आहे हे मी समजू शकतो. परंतु ‘किती वर्षांनी’ या प्रश्नाआधी ‘यात काय आहे’ हे कोणी उघडून पाहिले आहे का?

निवृत्त_लिपिक_महाल
वकीलसाहेबांशी माझे वर्गीकरणाबाबत अजूनही एकमत नाही. अनुदान घेणाऱ्या संस्थेने शासनाची पद्धत पाळलेली केव्हाही बरी. पण आता वाद बाजूला ठेवतो. दाखल-खारीज रजिस्टर, समितीचे आदेश, गृहचौकशी अहवाल, छायाचित्रे, शाळेचे व आरोग्याचे कागद आणि मुलाला कोणाच्या ताब्यात दिले त्याची पावती, हे सारे ‘अ’ समजा. भाजीची बिले, कोऱ्या नमुन्यांचे गठ्ठे, एकाच परिपत्रकाच्या वीस-वीस प्रती यांनीच निम्मी खोली भरलेली असते, हे मी पैजेवर सांगतो.

हिशेबनीस_धरमपेठ
भाजीची बिले १० वर्षांच्या आतील असतील तर ती टाकता येणार नाहीत.

वकील_सिव्हिल_लाइन्स
तेवढे मान्य. ताई, आपण यादी करून ती जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि बाल कल्याण समिती या दोघांना पत्राने पाठवा, शिशुगृहाचे अभिलेख ताब्यात असल्याचे त्यात स्वतंत्रपणे नमूद करा आणि मार्गदर्शन मागा. लेखी उत्तर येईपर्यंत एकाही मुलाचा कागद नष्ट करू नका. तोंडी ‘चालेल’ म्हणणारा अधिकारी पुढच्या वर्षी बदलून गेलेला असतो.

अधीक्षिका_नागपूर
रद्दीवाल्याला नको म्हणून कळवले आहे. ठेकेदाराला आधी भोजनगृह रंगवायला सांगितले, त्यामुळे आठ दिवस मिळाले. आज दोन बस्ते सोडले. एकात १९९४ ची किराणा बिले आणि पाण्याच्या टँकरच्या पावत्या होत्या. दुसऱ्यात शिशुगृहाची अकरा प्रकरणे असून त्यांतील चार फाईलची पाने एकमेकांना चिकटलेली आहेत. एका फाईलच्या आत टाचणीने लावलेले छोटे पाकीट आहे आणि टाचणी पूर्ण गंजली आहे. पाकीट मी उघडलेले नाही. ही पाने सोडवायची कशी?

निवृत्त_लिपिक_महाल
ओढू नका, आणि गच्चीवर उन्हात तर मुळीच टाकू नका. आपल्या उन्हात कागद पापडासारखा होतो. सावलीत, पंख्याखाली, टीपकागदाच्या घड्यांमध्ये ठेवा आणि घड्या रोज बदला. पाने आपोआप सुटू लागतील तेवढीच सोडवा. टाचण्या काढून फाईलला सुती नाडा बांधा. पाकिटासाठी दुसरा कर्मचारी समोर बसवा आणि जे निघेल त्याची नोंद दोघांच्या सहीने करा. कपाटे परत लावताना भिंतीपासून वीतभर दूर आणि विटांवर ठेवा. त्या खोलीत कूलर लावता का? आणि ओल येणारी भिंत नेमकी कशाला लागून आहे?

अधीक्षिका_नागपूर
कूलर खिडकीतच आहे. भिंत न्हाणीघराला लागून आहे.