राग आला की बाहेर काढायचा का गिळायचा? दोन्ही करून बघितलं, दोन्ही फसलंय

धुमसता_कोळसा:

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितोच. वय ३८, ऑफिसात टीम सांभाळतो आणि तिथे कोणालाही माझ्याबद्दल विचारा, हा माणूस कधी आवाज चढवत नाही असंच सांगतील. साहेब चारचौघांत काहीही बोलले तरी माझं आपलं 'हो सर, बघतो सर'. आणि मग हाच शांत माणूस घरी आला की फुटतो.

परवा मुलगी (वय ७) तिची पाण्याची बाटली शोधत होती, सापडेना, दोनदा विचारलं 'बाबा कुठंय' आणि मी असा काही खेकसलो की ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली. हात कधीच उगारलेला नाही, पण ती ज्या पद्धतीने सरकली ना ते डोळ्यासमोरून जात नाहीये. नंतर बायको म्हणाली, तुला माहितीये का, तू आलास की ती आधी तुझ्या बुटांचा आवाज ऐकते, जोरात आपटून काढलेस की गपचूप आतल्या खोलीत जाऊन बसते. मला हे माहीतच नव्हतं.

उपाय करून बघितले नाहीत असं नाही. उशी बडवली, तिच्या चेनवर हात घासून बोटं सोलवटून घेतली बाकी काही नाही. मग कोणीतरी सांगितलं पळायला जा, तर महिनाभर संध्याकाळी पाच किमी पळतोय पण होतं काय की पळताना डोक्यात मीटिंगच चालू असते, त्यांनी असं म्हटलं तर मी तसं म्हणायला हवं होतं वगैरे, आणि घरी पोचतो तेव्हा निघताना होतो त्यापेक्षा जास्त तापलेला असतो. मग ठरवलं काहीच बोलायचं नाही, तर दोन दिवस तोंड शिवल्यासारखा बसलो आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट फुटलो. कोणाला न लागता हे बाहेर काढायचं कसं? अनुभव असेल त्यांनी सांगा प्लीज.

गोलंदाज_बाबू:

भावा उशी नको, नीट पंचिंग बॅग घे आणि साहेबाचा चेहरा समोर आणून दे दणादण. माणूस म्हणजे कुकर आहे, शिट्टी झाली नाही तर झाकण उडणारच. मी तर हेच करतो.

वाचनवेडी:

बाबू, ते कुकरचं गणित सगळ्यांनाच पटतं, मलाही पटायचं. पण शिट्टी झाली म्हणून खालचा गॅस बंद होत नाही ना. आणि 'साहेबाचा चेहरा समोर आणून' हेच नेमकं करायचं नाही असं प्रयोगात निघालंय. ब्रॅड बुशमन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला होता. आधी सगळ्यांना निबंध लिहायला लावला, मग त्यावर मुद्दाम अपमान करणारा शेरा दिला की चिडायला पाहिजेत. मग काहींना सांगितलं की ज्याने शेरा दिला त्याला डोळ्यासमोर आणून बॅग बडवा, काहींना सांगितलं की व्यायाम म्हणून बडवा, आणि काही जण नुसते दोन मिनिटं शांत बसले. सगळ्यात जास्त संतापलेले कोण निघाले तर माणूस समोर आणून बडवणारे. आणि जे काहीच न करता बसले होते ते नंतर समोरच्याशी सगळ्यात कमी आक्रमक वागले. म्हणजे उशी बडवून जे मोकळं वाटतं तो दमल्याचा आनंद असतो, राग तिथेच असतो.

धुमसता_कोळसा, तुमच्या पळण्याचंही तेच आहे, तुमचं काही चुकत नाहीये. २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी शारविक या संशोधकांनी मिळून १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, दहा हजारांच्या वर लोक, आणि निष्कर्ष सोप्या भाषेत सांगायचा तर ज्या गोष्टींनी शरीर शांत होतं त्यांनी राग उतरतो (सावकाश श्वास, स्नायू ढिले सोडणं, ध्यान, योगासनं) आणि ज्यांनी शरीर आणखी तापतं त्यांचा एकंदरीत फरक पडत नाही. जॉगिंगने तर उलट वाढलेला दिसला. गंमत म्हणजे चेंडूच्या खेळांनी कमी झाला, बहुतेक तिथे चारजण असतात, हसणं असतं आणि लक्ष चेंडूवर ठेवावंच लागतं, मीटिंग आठवायला फुरसत नसते (हे कारण माझ्या डोक्यातलं हं). पळणं सोडा म्हणत नाहीये, हृदयाला चांगलंच आहे, झोपही चांगली लागते. फक्त तापलेल्या डोक्याने पळून घरात शिरू नका. सकाळी पळा.

गोलंदाज_बाबू:

बरं मान्य. मग काय गिळायचा का? तो म्हणतोय गिळून पण फुटलाय.

काठावरचा:

बाबू, इथेच माझी सहा वर्षं गेली. मला वाटायचं दोनच रस्ते आहेत, एक तर ओकायचं नाही तर गिळायचं. समुपदेशकाकडे गेल्यावर कळलं की तिसराही आहे, आधी अंगातला ताप उतरवायचा आणि मग ज्याच्यावर राग आहे त्याच्याशी बोलायचं. क्रम महत्त्वाचा. आपण नेमकं उलटं करतो, तापलेले असताना बोलतो आणि थंड झालो की विषय सोडून देतो.

ताप कसा उतरवायचा ते सांगतो, मला जे लागू पडलं ते. राग आला की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, जबडा आवळतो, आणि डोक्याने कितीही ठरवलं तरी ते लगेच विरघळत नाही, थोडा वेळ लागतोच. जॉन गॉटमन, जे नवराबायकोच्या भांडणांवर काम करतात, ते म्हणतात की नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की समोरच्याचं ऐकून घेणं माणसाला जवळजवळ जमतच नाही, आणि तेव्हा निदान वीस मिनिटं तरी बाजूला व्हा. पण त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भाषण तयार करायचं नाही, नाहीतर नाडी खाली येतच नाही. हे मला सगळ्यात कठीण गेलं. आणि घरातून असं उठून जायचं असेल तर 'मी वीस मिनिटांनी येतो' हे सांगून जायचं आणि खरंच यायचं, नाहीतर समोरच्याला वाटतं हा दार आपटून निघून गेला.

श्वासाचं म्हणाल तर 'मोठा श्वास घ्या' यापेक्षा 'लांब सोडा' हे कामाचं. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहाच्या आसपास श्वास बसतात. सोडताना ठोके मंदावतात, त्यासाठी ते. आणि दुसरं म्हणजे एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी काढलेली स्नायू सैल करायची पद्धत, मूठ पाच सेकंद घट्ट आवळायची आणि एकदम सोडून द्यायची, मग दंड, मग खांदे, मग जबडा. मला वाटायचं काय हा पोरकटपणा, पण माझा जबडा दिवसभर आवळलेला असतो हे मला सोडल्यावरच कळलं.

धुमसता_कोळसा, आता तुमचं. रागावू नका पण तुमचा राग बाटलीवर नाहीच आहे. तो साहेबांवर आहे आणि चुकीच्या पत्त्यावर पोचतोय, कारण खऱ्या पत्त्यावर तुम्ही 'हो सर' एवढंच पाठवताय. जिथे बोललं तर महागात पडतं तिथे आपण शहाणे असतो आणि जिथे कोणी उलट बोलणार नाही तिथे वाघ, हे माझ्याही बाबतीत खरं होतं म्हणून लिहितोय. तर घरातलं ओरडणं थांबवायला ऑफिसातलं एक वाक्य लागेल. भांडण नाही, एकच वाक्य, एकट्यात. 'सर, चुका सांगा, पण सगळ्यांसमोर असं बोललात की मला पुढचं काम सुचत नाही, मला आधी बाजूला बोलवा.' बस. यात शिवी नाही, 'तुम्ही नेहमीच' नाही, काय झालं आणि काय हवं एवढंच. साहेब ऐकतील का, कदाचित नाही ऐकणार. माझे नव्हते ऐकले. पण मी बोललो होतो, त्यामुळे संध्याकाळी घरी नेण्यासारखं फारसं उरलं नाही.

शाईचा_डाग:

मी कागदवाला आहे. जे वाटतंय ते कागदावर खरडतो आणि चुरगाळून टाकून देतो. लोक हसायचे, तर जपानमध्ये नागोया विद्यापीठाने २०२४ मध्ये हेच तपासलं. अपमान झाल्यावर मनात काय आलं ते लिहून कागद कचऱ्यात टाकला किंवा श्रेडरमध्ये घातला त्यांचा राग जवळजवळ आधी होता तिथे आला, आणि ज्यांनी कागद जवळ ठेवला त्यांचा तेवढा उतरला नाही. म्हणजे टाकून देणं महत्त्वाचं.

एक जाहीर सूचना. कागदावरच लिहा. मी एकदा हेच ईमेलच्या ड्राफ्टमध्ये केलं होतं, वर पत्ता भरलेला होता, बाकी विचारू नका.

जुनी_पायरी:

मी वयाने तुमच्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून अरे-तुरे करते. सगळे तुझ्या रागाचं बोलताहेत, मी लेकीचं बोलते. तिच्याशी बोललास का? माझे वडील तापट होते, ओरडून झालं की तासाभराने काहीतरी गोड बोलून जवळ घ्यायचे, पण 'माझं चुकलं' असं कधी म्हणाले नाहीत, त्यामुळे मला कित्येक वर्षं वाटायचं की चूक माझीच होती म्हणून ते ओरडले. तर खाली बस, तिच्या उंचीला ये आणि सांग की मी ओरडलो ते माझं चुकलं, तू बाटली शोधत होतीस त्यात तुझं काही चुकलं नव्हतं. एवढंच. पुढे 'पण तू पण ना' जोडलंस की सगळं पाण्यात. आणि परत कधी ओरडणार नाही असं वचन देऊ नकोस, कारण ओरडशील. त्यापेक्षा ओरडायला लागलो तर तू मला काय सांगायचं ते तिच्याकडूनच ठरवून घे.

रात्रपाळी:

थोडं रूक्ष बोलतो. झोप किती होते? मला पाच तासांवर सगळं जगच शत्रू वाटायचं, सात तासांवर तीच माणसं बरी वाटायला लागली. आणि एकदा डॉक्टरकडे जाऊन बीपी, थायरॉइड बघून घ्या, थायरॉइड वाढलेलं असलं तरी माणूस चिडचिडा होतो. पुरुषांमध्ये डिप्रेशन सुद्धा कधीकधी रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं आणि मग ते कोणाच्याच लक्षात येत नाही, घरचे म्हणतात स्वभावच तसा. घाबरवायला नाही सांगत पण २०१४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं तेव्हा रागाचा भडका उडाल्यानंतरच्या दोन तासांत हार्ट अटॅकचा धोका एरवीपेक्षा जवळपास पाचपट दिसला होता. एकेका वेळचा धोका तसा छोटाच असतो, पण ज्याला रोज राग येतो आणि बीपीही आहे त्याने तो लक्षात घ्यावा. आणि वस्तू फेकणं, हात उचलणं इथपर्यंत कधी आलात तर इथे विचारत बसू नका, सरळ तज्ज्ञाकडे जा.

गोलंदाज_बाबू:

एवढं वाचून मलाच टेन्शन आलं. बॅग विकायला काढू का?

वाचनवेडी:

विकू नका हो. फक्त मारताना कोणाचा चेहरा आणू नका, आकडे मोजा.

धुमसता_कोळसा:

सोळा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, 'काठावरचा' यांचा प्रतिसाद वाचून आधी राग आला होता, खरं सांगतो, मग दुसऱ्या दिवशी परत वाचला.

लेकीशी बोललो. ती ऐकून घेऊन म्हणाली, 'मग मी काय म्हणू? बाबा आवाज?' तर तेच ठरलंय. दोनदा वापरलंय तिने, एकदा तर मी फोनवर दुसऱ्याच कोणाशी बोलत होतो तेव्हा.

गाडी लावली की लगेच वर जात नाही, दहा मिनिटं तिथेच बसून लांब श्वास सोडतो आणि मूठ-खांदे-जबडा करतो. पहिले चार दिवस त्या दहा मिनिटांतही मीटिंगच चालली डोक्यात, मग आकडे मोठ्याने मोजायला लागलो तेव्हा जमलं. शेजारचे एक काका काचेवर टकटक करून विचारून गेले, बरं आहे ना म्हणून. पळणं सकाळी हलवलं.

एका गुरुवारी फसलं. आधीच्या रात्री चार तास झोप, वर साहेबांचं नेहमीचं, आणि गाडीत न बसता तसाच वर गेलो. ओरडलो. या वेळी बायकोवर. माफी मागितली पण ती अजून थोडी दूरच आहे आणि तिचं बरोबर आहे.

साहेबांना ते वाक्य अजून बोललेलो नाही. दोनदा केबिनच्या दारापर्यंत जाऊन आलो. कागदावर लिहून ठेवलंय. (शाईचा_डाग, हा कागद फाडायचा नाहीये ना?)

शाईचा_डाग:

नाही, हा बोलून झाल्यावर फाडा.

रात्रपाळी:

बीपी बघितलं का?

धुमसता_कोळसा:

नाही अजून. शनिवारी जातो.

जुनी_पायरी:

आणि बूट?

धुमसता_कोळसा:

बूट आता खालीच, गाडीतून उतरायच्या आधी काढतो. चपला घालून वर जातो. काल दार उघडलं तर ती आतल्या खोलीत नव्हती, दाराशीच बसली होती चित्र काढत, आणि मान वर न करता म्हणाली, 'बाबा, तू आलेला कळलंच नाही.'