मदत हवी आहे: गावात कायमचा दवाखाना सुरू करण्यासाठी डॉक्टर कुठे मिळेल?

माळरान: नोकरीनिमित्त बाहेर राहणारे आम्ही गावकरी दर दिवाळीत वर्गणी काढून गावात मोफत तपासणी शिबिर घेतो. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना महिनाभराच्या गोळ्या देतो, पण पुढच्या वर्षी तीच माणसे गोळ्या बंद करून तशाच अवस्थेत समोर येतात. म्हणून आता कायमचा दवाखाना काढायचा आहे. मुक्कामी डॉक्टर कसा मिळेल, हे कृपया लवकर कळवावे.

सविता_परिचारिका: गाव कोणत्या तालुक्यात आहे? उपकेंद्र किती लांब आहे? आशाताई आहेत का?

नांगरफाळ: डॉक्टर शोधण्यात वेळ घालवू नका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि पुढे गावांनीच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. तुम्हीही गावातली एक जाणती बाई निवडा.

सविता_परिचारिका: जामखेडचे हे उदाहरण नेहमी अर्धेच सांगितले जाते. त्या स्त्रियांचे प्रशिक्षण सतत चालू असे, अवघड रुग्ण पाठवायला जामखेडचे रुग्णालय होते, आणि पिण्याचे पाणी, शेतकरी मंडळे, महिला मंडळे ही कामेही सोबतीने चालली होती. यातले काहीच नसताना एका बाईवर सगळा भार टाकणे अन्यायाचे आहे.

नांगरफाळ: गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत शिकवले, हे विसरू नका.

सविता_परिचारिका: विसरले नाही, त्या कामावर कडक देखरेखही होती.

दिगंबर_जोशी: मोतीबिंदूचे शिबिर घ्यावे, त्याला प्रतिसाद चांगला मिळतो.

माळरान: उपकेंद्र शेजारच्या गावात आहे, आशाताईही आहेत, पण माझा प्रश्न डॉक्टरचा आहे.

सविता_परिचारिका: तुमचे रुग्ण डॉक्टरअभावी नव्हे, गोळ्या संपल्यावर पुन्हा कोणी न विचारल्यामुळे उपचारांपासून तुटतात. आता अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी करून औषधे देणे हे त्यांच्या कामातच येते. तुमच्या उपकेंद्रात ते पद भरलेले आहे का, हे आधी पाहा. भरलेले असेल तर वर्गणीतून म्हाताऱ्या माणसांना महिन्यातून एकदा तिथे नेण्या-आणण्यासाठी गाडी ठरवा. शिबिरात सापडलेल्या रुग्णांची यादी सध्या कोणाकडे आहे?

माळरान: पुण्यातल्या एका मित्राकडे वही आहे. आजच मागवून आशाताईंकडे पोहोचवतो. पद भरलेले आहे की नाही, हेही त्यांनाच विचारतो.