रविवारच्या विक्रीत जुन्या कपबशा घ्यायच्या आहेत, काय बघू?

सी ५०१: रविवारी आपल्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये घरोघरच्या जुन्या वस्तू विकायला ठेवणार आहेत ना, त्यात कपबशा, बरण्या असतील का? बुधवारी गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात बघितल्या, पण चांगलं-वाईट कळेना.

ए ३०२: ताई, भांडीबाजारात विचारून बघा.

बी १०१: तिथे तांबं-पितळच जास्त. कपबशा निघतात त्या कुणी घर आवरलं किंवा वाडा उतरवला की. भंगारवाला पितळ, लोखंड उचलतो, चिनीमातीला हात लावत नाही. मग आजीच्या बरण्या राडारोड्यात जातात. जीव तुटतो हो!

सी ५०१: काकू, तुम्हाला यातलं कळतं. सांगा ना.

बी १०१: आधी कप उपडा करून बूड बघ. शिक्का असतो. ‘निप्पॉन’ असेल तर बहुधा १९२१ च्या आधीचा जपानी माल, नंतर ‘जपान’ लिहू लागले. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ दिसलं तर सोडू नकोस. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, तेव्हाच्या निर्यातीच्या मालावरचा तो शिक्का. आपल्याकडे कलकत्त्याच्या बेंगाल पॉटरीजचे कपही निघतात, मला तेच जास्त आवडतात. शिक्का नसला म्हणून टाकाऊ समजू नकोस.

मग कप तळहातावर ठेवून काठावर नखाने टिचकी मार. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी चीर असू शकते. कानाच्या सांध्यावर बोट फिरव, चिकटवलेला कान तिथेच कळतो. आणि उजेडासमोर धर. पलीकडे बोटांची सावली दिसली तर बोन चायना किंवा पोर्सिलेन. बोन चायनात खरोखर हाडांची राख असते, त्यामुळे आमच्याकडे सासूबाई देवघराजवळ तो ठेवू देत नसत.

ए ३०२: पण जुन्या कपातून चहा प्यावा का? शिसं असतं म्हणतात.

बी १०१: प्रश्न बरोबर आहे. जुन्या झिलईत, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थरात, आणि वरून रंगवलेल्या नक्षीत शिसं असू शकतं, आंबट पदार्थाने ते जास्त सुटतं. नुसतं बघून ओळखता येत नाही. म्हणून आतून रंगवलेले, झिलई उडालेले किंवा बारीक भेगांची जाळी पडलेले कप मी फक्त कपाटात मांडते. पोरांना तर त्यातून काहीच देत नाही.

बी ४०३: बरणीचं काय? वर तपकिरी, खाली पांढरी, अशी एक मिळतेय. लोणच्याला चालेल?

बी १०१: जुनी असेल तर लोणचं नको दादा. मीठ, लिंबू, तेल वर्षभर आत राहणार. लाकडी चमचे ठेवा तिच्यात. लोणच्याला नवी घ्या, खाद्यपदार्थांसाठी आहे एवढं विचारून.

सी ५०१: चहाचे डाग जातात का?

बी १०१: खायच्या सोड्याची ओली पेस्ट लावून मऊ फडक्याने चोळ. सोनेरी काठाला मात्र सोडा लावू नकोस, सोनं उडतं. तो कप मायक्रोवेव्हमध्येही घालायचा नाही.

ए ३०२: काकू, आमच्या माळ्यावर सहा बशा आहेत, कप एकही नाही. त्या कोण घेणार?

बी १०१: मी घेते! माझ्याकडे तीन कप बशीविना आहेत. नक्षीचा फोटो टाक आत्ता.