दुर्लक्ष केल्यावर मुलाचं रडणं आधी वाढतं ते का? (विलोपनाबद्दल प्रश्न)

अध्ययन_विद्यार्थी: मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या साधक अभिसंधानात (परिणामांवरून वर्तन शिकणं) प्रबलन, म्हणजे वर्तन वाढवणारा मोबदला, थांबलं की वर्तन विरत जातं; यालाच विलोपन म्हणतात. मग झोपायच्या वेळी आकांत करणाऱ्या मुलाजवळ जाणं बंद केलं, तर पहिल्या रात्री रडणं उलट का वाढतं? पद्धत चुकतेय हे कशावरून ओळखायचं?

वर्तनकट्टा: वाढलं म्हणजे पद्धत चुकली असं नाही. आजवर रडलं की आई यायची. ती येईना झाली की मूल तेच जास्त जोरात, जास्त वेळ करून पाहतं. स्किनरच्या प्रयोगाच्या पेटीतला उंदीरही, कळ दाबल्यावर मिळणारा दाणा बंद झाल्याबरोबर कळ सोडत नाही, आधी भराभर दाबतो. हा उसळा दर वेळी येतोच असं मात्र नाही.

संशोधक सी. डी. विल्यम्स यांनी १९५९ मध्ये २१ महिन्यांच्या मुलाची नोंद दिली आहे. पहिल्या वेळी तो ४५ मिनिटं रडला, दहाव्या वेळेपर्यंत हसत झोपू लागला. साधारण आठवड्याने एक नातेवाईक बाई रडणं ऐकून त्याच्याजवळ थांबल्या आणि विलोपन पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्यांदाही ते साधलं, आणि पुढची दोन वर्षं झोपताना तसा आकांत झाला नाही.

प्रबलन_नोंदवही: गोची होते ती नेमकी त्या नातेवाईक बाईंसारख्या प्रसंगात. चार रात्री तग धरून पाचव्या रात्री गेलात, तर मुलाला कळतं की खूप वेळ रडलं की कुणीतरी येतंच. अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनाने टिकलेलं वर्तन विरायला सर्वाधिक वेळ घेतं. म्हणून घरातल्या सगळ्यांचं, आजी-आजोबांसकट, आधी एकमत करा. सुरुवातीचे चार-पाच दिवस काहीही न बदलता फक्त रडण्याची मिनिटं लिहा, नाहीतर पुढे कमी झालं की नाही हे अंदाजावरच राहतं. शिवाय शांत पडून राहिल्यावर लगेच शाबासकी द्या. नुसतं विलोपन अनेकदा अपुरं पडतं.

वर्गशिक्षण: एक तपासाच: रडण्यातून मुलाला मिळतंय काय? अभ्यास टळावा म्हणून रडत असेल, तर दुर्लक्ष केल्याने अभ्यास टळतोच. ते ऋण प्रबलन झालं, म्हणजे नकोशी गोष्ट टळल्याने वर्तन पक्कं होणं; रडणं वाढणारच. तिथे काम छोटं करून द्या, पण पूर्ण करून घ्या. आणि डोकं आपटणं, स्वतःला चावणं असेल तर हा प्रयोग घरी करू नका, तज्ज्ञांकडे न्या.